घरटी एक माणूस

मी फार बोलते. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी नावं ठेवायला नको. घरात मला रेडिओ म्हणतात. वडील रात्रपाळी करून आले की चपला काढता काढता विचारायचे, "रेडिओ बंद आहे ना?" एमआयडीसीत पाळीवर जाणाऱ्या माणसाच्या एका खोलीच्या घरात हा प्रश्न चेष्टेचा नसतो. ते दिवसा झोपायचे, आणि त्या साली माझं सगळं कॉलेज दिवसाढवळ्या, त्याच खोलीत, मोबाईलच्या पडद्यावर भरत होतं.

कॉलेज पालघरला. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष. साथीमुळे वर्गांना कुलूप होतं, म्हणून तास, प्रॅक्टिकल, सबमिशन, सगळं ऑनलाइन. प्रोजेक्टसाठी सरांनी हजेरीच्या क्रमाने तीन-तीन जणांचे गट पाडले. कोण कुठे राहतं, कुणाचं कुणाशी पटतं, हे त्यांनी पाहिलं नाही, आणि पाहायचं कारणही नव्हतं. माझ्या वाट्याला एक दांडीची मुलगी आली आणि एक विक्रमगडच्या पलीकडचा, डोंगरातला मुलगा. दोन वर्षं एका वर्गात बसून मी या दोघांशी मिळून चार वाक्यं बोलले असेन. त्यातली दोन "सरक जरा" अशी होती.

पहिल्या मीटिंगला लिंक मी पाठवली. माझ्या चौकटीत मी, दुसऱ्या चौकटीत एक झाड आणि बकरीचा कान, तिसऱ्या चौकटीत नुसतं एका पुरुषाचं नाव. मी म्हटलं, "कोण काका आलेत?" आतून मुलीचा आवाज आला, "मी हाय. फोन बाबांचा हाय." तेव्हापासून पडद्यावरच्या नावावर आम्ही कधी विसंबलो नाही. ती दांडीवाली, तो डोंगरवाला, आणि मी बोईसरवाली. नावाने हाक मारायची वेळ फक्त सरांसमोर यायची.

डोंगरवाल्याकडे घरात रेंज नव्हती. घरामागच्या टेकाडावर मोहाचं झाड होतं, त्याच्या बुंध्याशी एका ठरावीक जागी बसलं की रेंज यायची. घरचे भाताची कापणी उरकून वीटभट्टीवर गेले होते, आणि घर, बकऱ्या, कोंबड्या हे सगळं याच्या अंगावर टाकून गेले होते. तो मितभाषी. काय विचारलं तरी "हां", "नाय" किंवा "रेंज गेली". या तिसऱ्या उत्तराबद्दल मला कायम संशय होता.

दांडीवालीची अडचण वेगळी होती. घरात फोन एकच, आणि तो होडीवर जायचा. तिच्या बाबांची डोल होती. डोल म्हणजे समुद्रात एका जागी बांधून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं. किनारा दिसतो तिथवर रेंज असते, आणि पाण्यात माणसाला काही झालं तर हाक मारायला फोन लागतो. त्यामुळे होडी आत आली तरच फोन घरी, आणि होडी येणार भरतीच्या पाण्यावर. माझं म्हणणं असं की रोज चारला मीटिंग ठेवू, शिस्त लागते. ती म्हणाली, "चारला आज चालेल. उद्या पावणेपाचला. परवा साडेपाचला." मी म्हटलं, "का, तू काय मंत्री आहेस?" ती हसली नाही. तिने मला हिशेब सांगितला: जी तिथी असेल तिची पाऊणपट कर, तेवढ्या वाजता भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. त्यानंतर अर्धा-पाऊण तास होडी लावायला, मासळी उतरवायला. मग फोन.

इकडे माझ्या वडिलांची पाळी दर आठवड्याला बदलायची. पहिली असेल तर सकाळी मी मोकळी, रात्रपाळी असेल तर दिवसभर मुकी. मग मी जिन्यात बसायचे. वरच्या मजल्यावर बिहारचे चार कामगार एकत्र राहायचे, ते येता-जाता "दीदी का ऑफिस चालू है" म्हणून माझ्या पायांवरून डबे न्यायचे. तर भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी बघायची, शेजारी वडिलांच्या पाळ्या लिहिलेल्या असायच्या त्या बघायच्या, आणि डोंगरवाल्याच्या बकऱ्या कधी सुटतात ते विचारायचं, तेव्हा कुठे एक मीटिंग ठरायची. आई म्हणाली, "लग्नाचा मुहूर्त काढायला एवढं बघत नाहीत."

प्रोजेक्ट होता बोंबील सुकवायचा सोलर ड्रायर. कल्पना दांडीवालीची. त्यांच्याकडे बोंबील बांबूंना ताणलेल्या दोऱ्यांवर वाळत घालतात. दोन-दोन मासे एकमेकांच्या जबड्यात अडकवतात आणि दोरीवर टांगतात. ऊन चांगलं असेल तर काम होतं, पण ढग आले की सगळं जातं, आणि माशा, वाळू, कुत्री हे आहेच. खोकं डोंगरवाल्याने बनवलं: प्लायवूड, वर काच, आत काळा रंग दिलेला पत्रा, खाली हवा शिरायला भोकं, वर धुराडं. त्याला सुतारकाम येत होतं. मला फार तर खिळ्यावर बोट ठेवता आलं असतं. खोकं एसटीने पालघरपर्यंत, तिथून टमटमने दांडीला गेलं. आकडेमोड आणि रिपोर्ट माझ्याकडे, कारण ते बसून करायचं काम होतं. रोजचं तापमान आणि वजन दांडीवाली घ्यायची आणि भरतीनंतर आम्हाला वाचून दाखवायची.

या कामात कुणासाठी काय होतं ते सांगायला हवं. माझं फारसं काही नव्हतं. मी पास होणार हे मलाही ठाऊक होतं आणि घरच्यांनाही. डोंगरवाल्याला डिप्लोमा हवा होता, पण नाही मिळाला तरी त्याच्या हातात सुतारकाम होतं. दांडीवालीचं तसं नव्हतं. तिचं एक वर्ष आधीच गेलेलं होतं, आजारपणात. दुसरं गेलं तर कॉलेज बंद, हे तिच्या घरी बोलून ठरलेलं होतं. त्यात भांडण नव्हतं की रडारड नव्हती. मग आईबरोबर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात बसायचं. तिची आई तिथे रोज येते, माझी आई तिच्याकडून कोलंबी घेते, हे आम्हाला फार उशिरा कळलं. एकदा मीटिंग चालू असताना मी सहज विचारलं, "तुला टोपलीची लाज वाटते का?" ती म्हणाली, "लाज कसली? मला ती डोक्यावर घ्यायची नाय, एवढंच." मागून आईचा आवाज आला, "मी घेतली ना. पुरे." मी पुढचा प्रश्न विचारला नाही, आणि माझ्या बाबतीत ही मोठी गोष्ट आहे.

आता एक छोटी गोष्ट, जी तेव्हा मला गमतीची वाटली. एका दिवशी मीटिंग सुरू केली तर दांडीच्या चौकटीत तिची आई. मांडीवर सूप घेऊन जवळा निवडत बसलेली. मी विचारलं, "काकू, ती कुठे?" म्हणाल्या, "पाणी आणाया गेली. टँकर आला हाय. तुमी बोला, मी बसलेय." आणि खरंच बसल्या. मी तापमानाचा तक्ता वाचून दाखवला, डोंगरवाल्याने धुराड्याच्या उंचीबद्दल तीन शब्द काढले, काकूंनी दोन्ही वेळा मान हलवली. शेवटी मी विचारलं, "काकू, काही शंका?" त्या म्हणाल्या, "नाय. तुमी शहाणी हाव."

दुसऱ्या दिवशी मी दांडीवालीला चिडवलं, तुझ्यापेक्षा तुझी आई बरी, निदान वेळेवर येते. तिला त्यात चिडवण्यासारखं काही दिसलं नाही. तिने सांगितलं, त्यांच्या गावात बैठक असली की घरटी एक माणूस बसतो. बाप दर्यात असेल तर आई बसते, आई बाजारात असेल तर थोरली पोरगी. कोण बसलं ते कुणी विचारत नाही, घर बसलं की झालं. जाळ्यांच्या जागा, होळीचं काम, कुणाचं भांडण, सगळं तिथेच ठरतं, आणि जे घर बसलं नाही त्याला मागून बोलायला तोंड नसतं. "म्हणून आई बसली," ती म्हणाली. मी म्हटलं, "चालेल गं, आपल्याला काय." मला खरंच वाटलं, आपल्याला काय.

परीक्षेची तारीख आली. परीक्षक बाहेरच्या, लांबच्या शहरातल्या एक मॅडम, त्या घरूनच घेणार. सरांनी नियम पाठवले. एका फोनवर एकच विद्यार्थी. व्हिडिओ चालू पाहिजे. आपापलं उत्तर आपण द्यायचं. गटाची वेळ संपेपर्यंत जो पडद्यावर दिसणार नाही तो गैरहजर, आणि गैरहजर म्हणजे प्रोजेक्टमध्ये नापास, म्हणजे वर्ष गेलं. सरांचं तरी काय चुकलं म्हणा. आदल्या वर्षी एका मुलाची सगळी उत्तरं त्याच्या भावाने दिली होती. तारखेला पंचमी होती. पावणेचारची भरती, होडी साडेचारपर्यंत किनाऱ्याला, आमची वेळ साडेपाच. मी कॅलेंडरवर बोट ठेवून आईला दाखवलं, म्हटलं बघ, मुहूर्त. वडिलांची त्या आठवड्यात पहिली पाळी होती, म्हणजे खोलीही माझी. सगळं जुळून आलं होतं, आणि तिथेच मला शंका यायला हवी होती.

त्या दिवशी सकाळी ग्रुपवर सरांचा मेसेज: मॅडमना संध्याकाळी काम निघालं आहे, गट उलट्या क्रमाने घेऊ, तुमचा गट साडेअकरा. मी नऊच्या पुढे कधीतरी तो पाहिला. डोंगरवाल्याने लगेच "हां" पाठवलं. दांडीकडून काहीच नाही, कारण फोन पाण्यात होता, आणि पोरगी वाळूवर. मी सरांना फोन लावला. सर म्हणाले, "एका मुलीसाठी मॅडमची वेळ बदलता येत नाही. तिला कळवा." मी म्हटलं, "सर, तिचा फोन होडीवर आहे." ते म्हणाले, "परीक्षेच्या दिवशी?" मला त्यांचा राग आला आणि त्यांचं म्हणणं पटलंही.

मग मी तिच्या बाबांना फोन लावला. बराच वेळ वाजला. इंजिनाचा आवाज, वारा, आणि मग, "हां, बोल पोरी." मी सांगितलं, काका, परीक्षा साडेअकराला घेतली, साडेपाचला नाही. लिंक फोनवर आली आहे. "साडेअकराला," ते म्हणाले. "आता पाणी नाय. चिखल हाय. होडी लागायची नाय." मी म्हटलं, "काका, ती दिसली नाही तर तिचं वर्ष जाईल." ते म्हणाले, "लिंक दाबली की उघडतं ना? पोरीनं दाखवलेलं हाय." मी म्हटलं, हो. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. मी समजले की आता ते काहीतरी करून निघतील. दुसऱ्या कुणाचा नंबर माझ्याकडे नव्हता. बोईसरहून दांडीला जायचं तर माझी स्वतःची परीक्षा बुडाली असती. मी भात लावला आणि तो उकडून लगदा होईपर्यंत खिडकीत उभी राहिले.

साडेअकराला मीटिंग सुरू झाली. सरांचा व्हिडिओ नेहमीसारखा बंद. त्यांच्या चौकटीत फक्त एक अक्षर असायचं. मॅडम शांत चेहऱ्याच्या, मागे पुस्तकांचं कपाट. डोंगरवाला झाडाखाली, त्या दिवशी चक्क इस्त्रीच्या शर्टात. आणि चौथी चौकट उघडली तेव्हा मला बरं वाटलं, फक्त क्षणभर. त्यात आकाश होतं, होडीची कड होती, आणि टोपी काढून हातात धरलेला, उन्हाने रापलेला एक माणूस होता. मागे दोन खलाशी वाकून कॅमेऱ्यात बघत होते.

मॅडमनी विचारलं, "आपण कोण?"

"नमस्कार. मी तिचा बाप."

"विद्यार्थिनी कुठे आहे?"

"ती किनाऱ्याला हाय. बोंबील घालतेय. घरातून मी बसलोय." ते अगदी सरळ बसले होते, फोटो काढायला बसतात तसे. "तुमी चालू करा."

सर म्हणाले, "अहो, असं चालत नाही. मुलगी पाहिजे."

"मागे तिची आय बसली व्हती. तवा चाललं," ते म्हणाले. आणि माझ्या चौकटीकडे, म्हणजे त्यांना जिथे मी दिसत असेन तिथे, बघून म्हणाले, "या पोरीला विचारा."

सरांनी माझं नाव घेतलं. माझ्या तोंडाला त्या वेळी जे कुलूप लागलं तसं ना आधी लागलं, ना नंतर. आता सगळं माझ्या ध्यानात आलं. त्या माणसाने काहीच चुकवलं नव्हतं. त्याच्या गावात जसं बसतात तसा तो वेळेवर बसला होता, जाळं पाण्यात असताना, हातातलं काम सोडून. मी म्हटलं, "सर, ती आमची आपसातली मीटिंग होती. काका, ही परीक्षा आहे. इथे तीच लागते. तुम्ही चालत नाही."

काकांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला नकोसं झालं. मॅडम म्हणाल्या, "तुमच्या गटाचं संपेपर्यंत मुलगी पडद्यावर आली तर मी तिला विचारेन. नाही आली तर मला गैरहजर लिहावं लागेल." काकांनी टोपी डोक्यावर चढवली, मागे वळून कुणाला तरी म्हणाले, "इंजिन लाव." मग पुन्हा फोनकडे, "ह्यो फोन कापत नाय मी. कापला तर परत घेत नाय तुमी." एवढ्यात इंजिनाचा धडधडाट सुरू झाला आणि सरांनी त्यांना म्यूट केलं.

मग मी बोलायला लागले.

आयुष्यभर ज्या गोष्टीसाठी बोलणी खाल्ली ती त्या दिवशी कामाला आली. एका स्लाइडला जिथे दोन वाक्यं पुरे होती तिथे मी दहा लावली. सूर्याची उष्णता पत्र्यात कशी शिरते, गरम हवा वर का जाते, माशातलं पाणी आधी कुठून निघतं आणि मग कुठून, खोक्याला प्लायवूडच का घेतलं, पत्रा का नाही घेतला, काचेची जाडी, रंगाचे हात. पाल्हाळ म्हणतात तो हाच. मॅडम म्हणाल्या, "अजून किती स्लाइड आहेत?" मी म्हटलं, "थोड्याच, मॅडम," आणि मागच्या स्लाइडवर गेले, एक मुद्दा राहिला म्हणून. माझी एक नजर सतत चौथ्या चौकटीवर होती. त्यात आवाज नव्हता, नुसतं चित्र: कधी आकाश, कधी काकांची हनुवटी, कधी तिरकी झालेली होडी, आणि लांबवर सुरूच्या झाडांची रेघ. ती रेघ काही केल्या मोठी होत नव्हती.

मग डोंगरवाल्याची पाळी आली. मला वाटलं, झालं. हा "हां" आणि "नाय" करून दोन मिनिटांत मोकळा होणार. मॅडमनी विचारलं, धुराड्याची उंची कशी ठरवली? तो पडद्याकडे बघत राहिला. "मॅडम, आवाज तुटला." त्यांनी परत विचारलं. "मॅडम, परत एकदा सांगाल? रेंज गेली." त्याच्या मागच्या बकरीच्या दाढीचा केस न् केस मला दिसत होता, इतकी रेंज त्या टेकाडावर वर्षात कधी आली नसेल. तिसऱ्यांदा विचारल्यावर त्याने उत्तर दिलं, आणि तेही सावकाश, मधे-मधे थांबून, जणू शब्द तालुक्याच्या गावाहून मागवावे लागत होते. मी त्याच्यावर धरलेला सगळा संशय खरा ठरला, आणि मला त्याचा फार आनंद झाला. मॅडमना कळलं नसेल असं मला वाटत नाही. त्या घड्याळाकडे बघायच्या आणि आणखी एक प्रश्न काढायच्या.

चौथ्या चौकटीत आता किनारा आला होता. पाणी संपून चिखल सुरू होतो तिथे होडी थांबली असावी, कारण चित्र एकदम खाली गेलं, हललं, आणि मग नुसता काळा, चकचकीत चिखल दिसू लागला आणि त्यात गुडघ्याएवढे रुतणारे पाय. काका फोन हातात घेऊन चालत होते. लांब वाळूवर बोंबलांच्या दोऱ्या दिसत होत्या आणि तिथे बायका उभ्या होत्या. पाहता पाहता त्या धावू लागल्या. हातातलं टाकून, लुगडी सावरत, सगळ्या पाण्याकडे. मला आधी कळेना, परीक्षेची बातमी यांना कुणी दिली. मग कळलं. पाणी नसताना, जाळं न उचलता होडी परत येते ती एकाच कारणाने. कुणाला तरी काही झालं असलं की.

सर्वांत पुढे दांडीवाली होती. ती चिखलात दोनदा पडली. तिचं तोंड उघडं होतं, ती काहीतरी ओरडत होती, आणि आम्हाला काही ऐकू येत नव्हतं, कारण ती चौकट म्यूट होती. मी म्हटलं, "सर, त्यांचा आवाज." सर म्हणाले, "इथून येत नाही, तिकडूनच चालू करावा लागतो." मग आम्ही चौघं नुसते बघत बसलो. काका तिला हाताने नाही-नाही करत होते. ती त्यांना चाचपत होती, खांदे, हात, डोकं. मागे आई पोचली होती आणि होडीतल्या दोघांकडे बोट करून काही विचारत होती. मग कुणाचा तरी ओला अंगठा पडद्यावर पडला आणि आवाज आला. पहिलं ऐकू आलं ते तिचं धापा टाकणं. मग काका, "काय नाय झालं गो. समदी हाव. तुजी परीक्षा हाय."

तिने फोन हातात घेतला. चेहऱ्यावर चिखल होता, नाक वाहत होतं, केसांना माशाचे खवले असावेत तसं काहीतरी चमकत होतं. तिने मनगटाने तोंड पुसलं आणि ते आणखी भरलं. मॅडम म्हणाल्या, "आधी श्वास घे. मी थांबते." तिने घेतला. मग त्यांनी तिला विचारलं ते सोपं होतं की अवघड, मला सांगता येणार नाही. वजन किती दिवसांत किती घटलं, ढग असले तर काय, बाहेर सुकलेल्या आणि आत सुकलेल्या बोंबलात फरक काय. ती आकडे तोंडपाठ सांगत गेली. फरक विचारल्यावर म्हणाली, "बाहेरच्याला वाळू लागते, मॅडम. चावला की दातात येते. आतल्याला नाय येत."

"ड्रायर दाखवता येईल?" मॅडमनी विचारलं.

ड्रायर घरापुढच्या अंगणात होता, आणि ती चिखलात. तिने मागे बघितलं. आई तिथे नव्हती. थोड्या वेळाने वाळूवरून ती येताना दिसली, डोक्यावर आमचं खोकं, काच वर, धुराडं आभाळात, एक हात कडेला लावलेला आणि चाल अगदी नेहमीची. तिने ते वाळूत उतरवलं, पदराने काच पुसली आणि बाजूला झाली. दांडीवालीने झाकण उघडून आतले बोंबील दाखवले.

वेळ संपली होती. बहुतेक कधीच संपली होती. रेकॉर्डिंगसाठी शेवटी सरांनी तिघांची नावं वाचली आणि प्रत्येक नावापुढे "हजर" म्हणाले. तिचं नाव त्यांनी शेवटी घेतलं. मॅडम नमस्कार करून गेल्या. डोंगरवाल्याची चौकट विझली. या वेळी मात्र त्याची रेंज खरोखर गेली, असं त्याने नंतर शपथेवर सांगितलं. मी बाहेर पडणार एवढ्यात काकांनी मुलीच्या खांद्यावरून वाकून पडद्यात तोंड घातलं.

"सायेब," ते म्हणाले, "आमचं घर धरलं ना?"

सरांची चौकट उजळली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सर दिसले. मागे स्वयंपाकघराचा ओटा होता, त्यावर कुकर. ते म्हणाले, "धरलं, काका."

काकांनी मान हलवली. पाणी चढू लागलं होतं, जाळं बाहेर तसंच होतं, आणि ते वळून होडीकडे निघाले. ती मागून म्हणाली, "बाबा, फोन." ते थांबले नाहीत. "ऱ्हाऊ दे तुज्याजवळ," म्हणाले, आणि चिखलात पाय टाकत गेले. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली, आणि मीटिंग बंद करायचं तिच्या लक्षात आलं नाही. मीही केली नाही.